काय म्हणून हाक मारायची

आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलेली मुलगी माणसांचा अभ्यास करते असं कळलं, तेव्हा मी सरळ विचारलं, "कुठल्या माणसांचा?"

"तुमचा," ती म्हणाली.

मी गवार निवडायची थांबले. सोनिया तिचं नाव. माण तालुक्यात, म्हसवडच्या पलीकडे तिची वस्ती. वडील तात्याबा, आई रंगुबाई, घरची मेंढरं, अलीकडे थोडं डाळिंबही लावलेलं. धनगराची ही पोर शिकत शिकत थेट मानववंशशास्त्राच्या पीएचडीपर्यंत पोचली होती. मला आपलं वाटलं, ही तिच्याच लोकांवर लिहीत असणार. मेंढरं, ओव्या, बिरोबाची जत्रा, असं काहीतरी.

"आमच्यावर लिहायला लोक कधीपासून येतायत, काकू," ती म्हणाली. "गोरे आले, पुण्याचे आले, जपानचे आले. आमची घोंगडी कशी विणतात तेसुद्धा छापून झालं. तुमच्यावर कुणी लिहायचं? वाई, सातारा, सांगली इथल्या शहरातल्या घरांत माणसं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, हा माझा विषय आहे."

"अगं, आमच्यात काय आहे अभ्यास करण्यासारखं?"

"असंच आमची आजी म्हणायची त्या गोऱ्यांना," सोनिया म्हणाली आणि पुढ्यातल्या गवारीच्या शेंगा मोडायला लागली.

मला रागच आला आधी. माझा स्वभाव तिखट आहे असं सांगलीतली अख्खी विश्रामबाग म्हणते, म्हणू दे. पण कुणीतरी आपलं बोलणं टिपून घेतंय याची एक चटक लागते हो! आठवड्याभरात मी दुपारची झोप सोडली. ती खाली यायच्या आत साडी बदलून, पावडर लावून तयार. आमचे हे, म्हणजे विष्णुपंत, मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर जन्म घालवून आता घरी पेपर वाचतात. ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "निघाली आमची आदिवासी मुलाखतीला."

"काकू, तुम्ही काकांना हाक काय मारता?"

"अहो."

"आणि ते तुम्हाला?"

"ते कुठले हाक मारतायत! ते खाकरतात."

ती हे लिहून घ्यायची. खरंच लिहून घ्यायची.

मग एक दिवस तिनं आमच्या घराण्याचं चित्र काढून आणलं. त्यांच्या शास्त्रात म्हणे पुरुष म्हणजे त्रिकोण आणि बाई म्हणजे गोल. नवराबायकोच्या मधे बरोबरचं चिन्ह. "नवराबायको बरोबर? हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं?" मी म्हटलं. तिनं मला माझा गोल दाखवला, शेजारी ह्यांचा त्रिकोण, वरती वाईचं माझं माहेर, आणि खाली एक एकटा त्रिकोण. तो आमचा पुष्कर. चौतिशी ओलांडलेला. लोणंदला कारखान्यात इंजिनियर. शनिवारी रेल्वेनं यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा.

"ह्याच्या शेजारी काहीच का नाही?" माहीत असून मी विचारलं.

"लग्न नाही ना झालं, काकू. झालं की काढू."

माझा जीव त्या कागदावर अडकला. तुम्हाला सांगते, मुली बघून बघून मी थकले होते. कुणाला पुणंच पाहिजे, कुणाला लोणंद हे नावच नको. आणि आमचा दगड मुलीसमोर बसला की चहाच्या कपाकडे बघत बसायचा. मला एकच पाहिजे होतं, त्या त्रिकोणाशेजारी एक गोल. बाकी देवाकडे काही मागणं उरलेलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात तात्याबांची मेंढरं नेमकी लोणंदच्या बाजूला, शेतकऱ्यांच्या रानात बसवलेली होती. लेंडीखतासाठी शेतकरीच बोलावून घेतात. तात्याबांचे गुडघे दुखतात असं सोनिया म्हणाली, म्हणून मीच पुष्करकडे तेलाची बाटली दिली. "जाताजाता देऊन ये." तो देऊन आला. पुढच्या आठवड्यात परत गेला. पुढच्या शनिवारी ज्वारीचा हुरडा घेऊन आला.

"मामांनी दिलाय," म्हणाला.

आपल्याकडे एसटीच्या कंडक्टरला मामा म्हणतात, ऑफिसातल्या शिपायाला मामा म्हणतात, भाजीवाल्यालाही मामा म्हणतात. मी हुरडा घेतला आणि चटणी वाटायला गेले. मग दर शनिवारी मामा असे म्हणाले, मामा तसे म्हणाले, मामांची एक मेंढी व्यायली. मला वाटलं, पोराला मेंढरांची आवड लागली. दिवसभर यंत्रांत राहून माणसाला जनावरांची ओढ लागते, असं मी शेजारच्या संयोगिताला समजावूनसुद्धा सांगितलं. तिनं माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं होतं, ते आत्ता आठवतंय.

होळीच्या सुमारास सोनियानं मला तिच्या अभ्यासातली खरी गंमत सांगितली. आम्ही पुरणाची डाळ निवडत होतो.

"आमच्याकडे सून सासूला आत्या म्हणते," ती म्हणाली. "सासऱ्याला मामा. कारण पूर्वीपासून मुलगी आत्याच्या घरी द्यायची रीत. आता नात्यात दिलेली नसली तरी हाक तीच."

"आमच्या देशस्थांतही मामाची मुलगी चालते गं," मी म्हटलं. "माझ्या काकूंनी त्यांच्या भावाचीच मुलगी केली."

"तेच तर. म्हणजे हाक ही नुसती हाक नसते, काकू. नवीन मुलगी एखाद्या घरात गेली आणि तिथल्या बाईला मावशी म्हणाली किंवा काकू म्हणाली, तर त्या बाईचा मुलगा झाला तिचा भाऊ. संपलं. आत्या म्हणाली, तर दार उघडं. आमच्या वस्तीवर बायका कान टवकारून बसतात, कोण कुणाला काय म्हणतंय ते ऐकायला."

मी डाळीतला खडा बाजूला काढला. "मग तू मला काकू म्हणतेस, त्याचं काय?"

"त्याचं काय? मी ह्या घरातली मुलगी," ती हसत म्हणाली.

मला काय झालं सांगू? आनंद व्हायला हवा होता, तर मी निवडलेली डाळ परत न निवडलेल्या डाळीत ओतली. कारण त्याच क्षणी मला कळलं की त्या रिकाम्या जागेत मला दुसरी कुठलीही मुलगी नको होती. हीच पाहिजे होती. माझ्यासमोर पाय पसरून डाळ निवडणारी, माझ्या रागाला न भिणारी, मी ओरडले की "थांबा, लिहून घेते" म्हणणारी. आणि ती मला काकू म्हणत होती! रोज, दिवसातून शंभरदा, ती माझ्या मुलाला भाऊ करून टाकत होती.

जातीचं काय, असं तुम्ही विचारणार. विचारा की. वाईला दिलेल्या माझ्या नणंदेनं फोन करून विचारलंच, नुसता माझा बोलण्याचा सूर ऐकून. मी एक दुपार त्यावर विचार केला. मग मला डुलकी लागली. उठले तेव्हा चहाची वेळ झाली होती आणि वर सोनिया फोनवर आईशी "आगं, जेवले की मी" असं बोलत होती, आणि मला तो आवाज घरातलाच वाटला. झाला माझा विचार.

आता सरळ विचारावं तर पंचाईत. ती नाही म्हणाली तर? भाडेकरू मुलगी, बिचारी संकोचानं खोली सोडून जायची. पोरगी गेली, दुपारच्या गप्पा गेल्या, सगळंच गेलं. म्हणून मी ठरवलं, हळूच हाक बदलायची.

"सोनिया, मला काकू म्हणत जाऊ नकोस गं. फार म्हातारी झाल्यासारखं वाटतं."

"बरं. मग मावशी म्हणू?"

"मावशी नको!" मी इतक्या जोरात ओरडले की ह्यांचा पेपर फाटला.

"का?"

"मावशी... मावशी धुणंभांडी करणाऱ्या बाईला म्हणतात हल्ली."

तिनं वही उघडली आणि लिहून घेतलं. मला घाम फुटला. "मग मामी म्हण," मी घाईघाईनं म्हटलं. मामा तर ऐकला होता सासऱ्यासाठी, म्हणजे मामीही त्यातच कुठंतरी असेल, असा माझा हिशेब.

सोनियानं पेन खाली ठेवलं. "मामी? आमच्यात मामाच्या मुलाला मुलगी देत नाहीत, काकू. परतवेल होते. आईचा वेल तिच्याच माहेरी परत गेल्यासारखं."

"अगं, देण्याघेण्याचं कोण बोलतंय इथं!" मी म्हटलं आणि उठून गॅसवर नुसतंच पातेलं ठेवलं.

ती तोंडावर ओढणी धरून जिना चढली. मला वाटलं, खोकला आला असेल.

त्यात आणखी एक काळजी. आत्याच्या मुलाचा मुलीवर पहिला हक्क म्हणतात, आणि तिची सख्खी आत्या मिरजेत दिलेली, तिला पप्पू नावाचा मुलगा. तो पप्पू काय करतो, कुठं असतो, हे मी इकडून तिकडून काढून घेतलं. त्याचं लग्न झालेलं निघालं. मी गणपतीला पेढे ठेवून आले.

पावसाळ्यात तिची तोंडी परीक्षा झाली. तात्याबा आणि रंगुबाई आले होते, लाल पटका आणि हिरवं इरकल. परीक्षकांसमोर ती बोलताना रंगुबाई पहिल्या रांगेत डोळे पुसत होत्या आणि मी दुसऱ्या रांगेत. "एका माहितगार स्त्रीनं काकू आणि मावशी या हाका नाकारल्या, मामी सुचवून तीही सोडून दिली," असं ती भर सभेत म्हणाली. "त्या स्त्रीला नेमकी कुठली हाक हवी आहे, हे संशोधनाच्या काळात स्पष्ट झालं नाही." माझ्या शेजारी बसलेला आमचा पुष्कर बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, तो बराच वेळ वर आला नाही. बरं, लोणंदच्या माणसाला त्या दिवशी रजा कशी मिळाली, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

बाहेर आल्यावर रंगुबाईंनी माझे हात धरले. "ताई, लय केलंसा तुमी पोरीचं."

ताई! रंगुबाईंची ताई म्हणजे सोनियाची कोण? मावशी. आता आईही त्याच बाजूला गेली.

घरी येताना सोनिया म्हणाली, "दिवाळीनंतर खोली सोडते, काकू. पुण्याला नोकरीचं होतंय."

त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. ह्यांनी गुपचूप खाल्लं, मग खाकरले. "तुला तिनं आत्या म्हणायला पाहिजे आहे ना?"

ह्यांना कसं कळलं?

"तू आरशासमोर स्वतःला आत्या, आत्या म्हणून बघतेस. मी पेपर वाचतो, बहिरा नाही." आणि ताटातलं ताक पिऊन म्हणाले, "हाक मागून मिळत नसते. आत्या व्हायचं तर आधी बापाची बहीण व्हावं लागतं."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं इतकी उपयोगाची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. मी उठून ह्यांना आणखी ताक वाढलं.

माझा भाऊ सुमंत परदेशात. दर भाऊबीजेला मी मोबाइलच्या पडद्याला ओवाळते, आणि तो तिकडून "तायडे, तेल सांडेल फोनवर" म्हणतो. त्या भाऊबीजेला मी तात्याबा आणि रंगुबाईंना जेवायला बोलावलं. ते बहिणीकडे मिरजेला येणारच होते. विचार असा केला की, मी ओवाळलं तर ओवाळलं. सोनियाच्या मनात असेल तर ती समजेल, नसेल तर एका म्हाताऱ्या बाईला एक भाऊ मिळाला, एवढंच. कुणी कुणाला नाही म्हणायलाच नको. अशी सोय आपल्या रीतीत आहे, आणि मी इतके महिने मामी-मावशी करत बसले होते!

जेवणं झाली. बासुंदी झाली. पुष्कर लोणंदहून आदल्या दिवशीच आलेला. मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजन लावलं. मी आयुष्यात कुणाला भ्यायले नाही, पण त्या वेळी भ्यायले.

"तात्याबा," मी म्हटलं, "माझा भाऊ लांब आहे. तुम्ही बसाल का पाटावर?"

तात्याबांनी रंगुबाईंकडे बघितलं. रंगुबाईंनी सोनियाकडे बघितलं. सोनिया जमिनीकडे. मला वाटलं, चुकलंच आपलं.

मग तात्याबा उठले, पटका नीट केला आणि पाटावर मांडी घालून बसले. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. डोळ्यांतलं पाणी आवरेना. तात्याबांनी मागं हात केला. रंगुबाईंनी पिशवीतून एक काळीभोर नवी घोंगडी काढली आणि त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवली.

"ही... ही तुम्ही आणलीच होती?"

"आवं वन्सं," रंगुबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यातच इनून घेतलीया. आपल्याच मेंढरांची लोकर हाय. तुमी कवा ववाळताय, तेवढीच वाट हुती."

वन्सं! नणंद! मी घोंगडी छातीशी धरली.

"परीक्षेला तर तुम्ही मला ताई म्हणालात की!"

"मग काय म्हननार? पोराच्या आईनं तोंड उघडल्याबिगर आमी वन्सं म्हनलं तर गळ्यात पडल्यागत दिसतंय. आन तुमचं पोरगं संक्रांतीपासनं ह्यास्नी मामा म्हनतंय."

"अहो, मामा तर सगळेच म्हणतात! कंडक्टरला म्हणतात!"

"व्हय, पर कंडक्टरच्या पाया कोन पडतंय?" तात्याबा पहिल्यांदाच बोलले आणि मिशीत हसले.

मी पुष्करकडे वळले. त्याचे कान लालबुंद. "मेल्या! वर्षभर तू मेंढरं बघायला जात होतास?"

"मेंढरंही बघितली," तो म्हणाला.

"आणि ही मोठी शास्त्रज्ञ! तुला सांगता येत नव्हतं?" मी सोनियावर ओरडले. आनंद झाला की मी ओरडतेच, हे तिला आता पाठ होतं. पण या वेळी तिनं लिहून घेतलं नाही.

"कसं सांगणार होते? मी आत्या म्हटलं असतं आणि तुमच्या मनात नसतं, तर? मग काकूही म्हणता आलं नसतं. दुपारी खाली येता आलं नसतं. त्यापेक्षा काकूच राहू दे म्हटलं."

इतके महिने मी जिन्याखाली हेच भीत होते, आणि ती जिन्यावर तेच भीत होती. मी तिला जवळ ओढलं. घोंगडी दोघींच्या मधे आली, तिच्या नाकातोंडात लोकर गेली, ती शिंकली आणि सगळे हसले. आमचे हे पेपरमागं होते. पेपर उलटा धरला होता.

"चहा टाकते," म्हणून ती डोळे पुसत आत गेली. मी तात्याबांना सुपारी कातरून द्यायला बसले. माझा भाऊ म्हणून आता त्यांना अहोजाहो करायचं की अरेतुरे, हेही अजून ठरवायचं होतं. आतून भांड्यांचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आवाज आला.

"आत्या," आतून हाक आली, "साखर कुठंय?"

साखर कुठं असते, हे तिला दीड वर्षापासून ठाऊक होतं. मी अडकित्ता खाली ठेवला आणि दाखवायला उठले.